लेखातल्या फोटोच्या दुव्यावरून मीडिया लायब्ररीतला फोटो कसा शोधायचा?

कातळवाट

नमस्कार मंडळी. आमच्या गिर्यारोहण मंडळाचं संकेतस्थळ मी २०१३ पासून सांभाळतोय. वर्डप्रेसवर आहे. पोटापाण्याला सिव्हिल, त्यामुळे हे सगळं पडत-धडपडत शिकलेलं आहे, आधीच सांगून ठेवतो.

गेल्या वर्षी एका दृष्टिहीन वाचकांचा मेल आला. लेख आवडतात, पण मध्येमध्ये फोटो आले की स्क्रीन रीडर काहीतरी भलतंच वाचत सुटतो म्हणाले. लाज वाटली. मंडळातल्या चार मुलामुलींनी पावसाळ्यात बसून मीडिया लायब्ररीतल्या जवळजवळ सगळ्या फोटोंना पर्यायी मजकूर (फोटोऐवजी वाचून दाखवायचं वर्णन) भरला. 'राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून दिसणारी सुवेळा माची' वगैरे. छान काम केलं पोरांनी.

आणि मग कळलं की जुन्या लेखांत यातलं काहीच उमटत नाही. लेखात फोटो घालताना जो पर्यायी मजकूर असेल तोच तिथे चिकटतो. नंतर लायब्ररीत काहीही बदला, लेखाला पत्ता नाही.

म्हणून ठरवलं की लेखाच्या कोडमधून फोटोचा दुवा उचलायचा, त्यावरून लायब्ररीतली नोंद शोधायची, तिचा मजकूर लेखात घालायचा. वर्डप्रेसचं यासाठी तयार फंक्शन आहे, अटॅचमेंट_यूआरएल_टू_पोस्टआयडी. दुवा दिला की नोंदीचा क्रमांक देतं. पण माझ्याकडे निम्म्याहून जास्त दुव्यांना ते शून्य देतंय. फोटो समोर दिसतोय, लायब्ररीतही आहे, तरी शून्य! काय चुकतंय?

(फोनवरून मराठी कळफलकाने लिहितोय. फंक्शनची नावं देवनागरीत आहेत, सांभाळून घ्या.)

मधुमालती

दुव्याच्या नादी लागूच नका. इमेज टॅगच्या (लेखाच्या कोडमध्ये फोटो आणणाऱ्या तुकड्याच्या) क्लासमध्ये 'डब्ल्यूपी-इमेज-१२३४' असं असतं ना? तो १२३४ म्हणजेच नोंदीचा क्रमांक. पाच मिनिटांचं काम.

कातळवाट

ताई, ज्यांना क्लास आहे त्यांचं तेच केलं. पण २०१६ च्या आधीचे बरेच लेख एका सभासदाने हाताने एचटीएमएल लिहून टाकलेत. त्याला क्लास वगैरे मान्य नव्हते. देव त्याचं भलं करो, हल्ली तो सायकलिंगकडे वळलाय.

बॅटरीवाला

मधुमालती, क्लासवर डोळे मिटून विश्वास नको. संकेतस्थळ कधी एक्सपोर्ट-इम्पोर्ट करून हलवलं असेल तर नव्या ठिकाणी नोंदींचे क्रमांक बदलू शकतात. इम्पोर्टर लेखातले फोटोंचे दुवे नवीन करतो, पण क्लासमधला जुना आकडा तसाच राहतो. मग १२३४ वर दुसरंच काहीतरी बसलेलं असतं. माझ्या एका ग्राहकाच्या साइटवर मी हाच शहाणपणा केला होता. देवळाच्या गाभाऱ्याच्या फोटोला 'गरमागरम मिसळ, सोबत कांदा-लिंबू' असा मजकूर लागला. तीन आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही.

क्लासवरून क्रमांक मिळाला तरी त्या नोंदीचं फाइलनाव आणि दुव्यातलं फाइलनाव जुळतंय का हे ताडून पाहायचंच.

टोपीकर

नैवेद्य समजायचा होता.

शून्यप्रहर

मूळ प्रश्नाकडे. ते फंक्शन आतून काय करतं हे पाहिलं की शून्याचं कोडं सुटतं. दुव्यातला अपलोड्स फोल्डरपर्यंतचा भाग ते कापतं. उरतं ते '२०१४/०८/राजगड.जेपीजी'. मग डेटाबेसमधल्या पोस्टमेटा तक्त्यात (नोंदींची जादा माहिती तिथे असते) '_डब्ल्यूपी_अटॅच्ड_फाइल' या किल्लीखाली नेमकी हीच किंमत आहे का ते बघतं. असेल तर क्रमांक, नसेल तर शून्य. अंदाज बांधणं त्याच्या स्वभावात नाही.

आता लेखात तुम्ही मूळ फोटो क्वचितच वापरता. मध्यम आकार निवडला की दुवा होतो 'राजगड-३००एक्स२२५.जेपीजी'. तक्त्यात नोंद आहे 'राजगड.जेपीजी' ची. म्हणून शून्य. ते '-३००एक्स२२५' चं शेपूट काढून पुन्हा विचारा.

पण आधी आहे तसा दुवा विचारायचा, शून्य आलं तरच शेपूट काढायचं. कोणीतरी मुळातच 'बॅनर-८००एक्स६००.जेपीजी' नावाची फाइल चढवलेली असते. सरसकट कापत गेलात तर ती हातची जाते.

नीलफुलारी

यात आणखी एक पाचर आहे. आवृत्ती ५.३ पासून (२०१९ अखेर) २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो चढवला की वर्डप्रेस त्याची लहान प्रत करून तिला '-स्केल्ड' जोडतं आणि नोंद त्या प्रतीची ठेवतं. लहान आकारांच्या नावात मात्र स्केल्ड नसतं. म्हणजे लेखात 'तोरणा-१०२४एक्स७६८', शेपूट कापल्यावर 'तोरणा', आणि तक्त्यात 'तोरणा-स्केल्ड'. तुम्ही बरोबर कापलंत तरी शून्यच.

मोबाइलवरून आडवा-उभा काढलेला फोटो वर्डप्रेसने स्वतः फिरवला असेल तर '-रोटेटेड'. लायब्ररीतच कोणी क्रॉप केला असेल तर '-ई' आणि पुढे तेरा आकडे. त्यात पुन्हा जुन्या लेखात जुनी फाइल, तक्त्यात नवी. क्रॉप केलेल्यांच्या जुन्या फाइलींची यादी '_डब्ल्यूपी_अटॅचमेंट_बॅकअप_साइझेस' मध्ये सापडते.

टोपीकर

एका फोटोला एवढी उपनावं? आमच्या गावात एकाच घराण्याची तीन आडनावं आहेत, तरी पोस्टमनला पत्ता सापडतो.

आजोळकर

इतकं अवघड कशाला? पोस्ट्स तक्त्यात जीयूआयडी नावाचा रकाना आहे, त्यात फोटोचा पूर्ण दुवाच असतो. तिथे शोधा, एका ओळीत काम.

शून्यप्रहर

आजोळकर, असहमत. जीयूआयडी दिसतो दुव्यासारखा, पण तो ओळखीसाठी आहे, पत्त्यासाठी नाही. फोटो पहिल्यांदा चढवला तेव्हाचा डोमेन त्यात कायमचा गोठलेला असतो. साइट एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर गेली, www गेलं-आलं, डोमेन बदललं, तरी जीयूआयडी बदलू नये असाच संकेत आहे. आणि त्यातही मूळ फाइलचंच नाव असतं, ३००एक्स२२५ चं नाही. म्हणजे मूळ अडचण तिथेच राहते.

आजोळकर

मान्य. पण माझ्या तीनशे फोटोंच्या साइटवर चाललं होतं हो.

बॅटरीवाला

तीनशेला चालतं. तीनशे तर माणूस डोळ्यांनीही शोधेल.

शून्यप्रहर यांनी डोमेनचा विषय काढलाच आहे तर कातळवाट, हे तपासा. ते फंक्शन एचटीटीपी आणि एचटीटीपीएसमधला फरक स्वतः सांभाळून घेतं. पण www असणं-नसणं, जुनं डोमेन, सीडीएनचा (फोटोंच्या प्रती पुरवणाऱ्या वेगळ्या सर्व्हरचा) पत्ता, नुसत्या तिरक्या रेघेने सुरू होणारा अर्धा दुवा, शेवटी प्रश्नचिन्ह आणि 'डब्ल्यू=६००' असलं लटांबर, यातलं काहीही त्याला झेपत नाही. सगळ्यांना शून्य. म्हणून आधी 'अपलोड्स/' च्या पुढचा भाग काढून घ्या, प्रश्नचिन्हापासून पुढचं कापा आणि मग स्वतः तक्त्याशी ताडा.

कातळवाट

वा! www हा आमचाच रोग निघाला. २०१७ पर्यंत होतं, मग काढलं. फक्त तेवढं दुरुस्त केल्यावर बरेच शून्य गेले. शेपटं कापून आणखी गेले. स्केल्डवाले आज रात्री.

पण एक गट अजिबात हलत नाही. ज्या फाइलींची नावं मराठीत आहेत ते.

नीलफुलारी

अपेक्षितच. दुव्यात देवनागरी अक्षर परसेंट-कोडमध्ये असतं. प्रत्येक अक्षरचिन्हाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटची तीन चिन्हं. 'हरिश्चंद्रगड' मध्ये मात्रा-हलन्त धरून बारा चिन्हं, म्हणजे दुव्यात १०८ अक्षरांची माळ. एक जप झाला. तक्त्यात मात्र साधं 'हरिश्चंद्रगड'. शोधण्याआधी रॉ-यूआरएल-डीकोड करा, म्हणजे परसेंट-कोडचं पुन्हा साधं अक्षर होतं.

कातळवाट

केलं. हरिश्चंद्रगड सापडला. 'दऱ्याखोऱ्या-१.जेपीजी' सापडत नाही. लायब्ररीत डोळ्यांनी दिसतोय! मी दोन्ही नावं एकाखाली एक ठेवून पाहिली. तंतोतंत सारखी. माझंच डोकं फिरलंय का?

बॅटरीवाला

तुम्ही कुठे ताडताय, वर्डप्रेसमध्ये की बाहेर?

कातळवाट

बाहेर. भाच्याने पायथनमध्ये लिहून दिलंय. सगळ्या नावांचा एक शब्दकोश, त्यात शोधतो.

नीलफुलारी

मग चोर सापडला. चोराचं नाव 'ऱ'.

मराठीतला हा अर्धा र तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. एक, युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर ऱ आणि त्याला हलन्त. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक. जुन्या कळफलकांवर वाढलेली आपली पिढी तिसऱ्या प्रकारात लिहायची. पडद्यावर तिन्ही 'दऱ्या', संगणकाला तीन वेगळे शब्द.

पहिल्या दोन प्रकारांचा उपाय सोपा आहे. दोन्ही बाजू एनएफसी रूपात (युनिकोडच्या ठरलेल्या, जोडलेल्या रूपात) आणा. जुन्या मॅकवरून आलेल्या फाइलींची नावं फोडलेल्या रूपात असायची, त्यांचीही सोय त्यातच होते. तिसऱ्याला एनएफसी हात लावत नाही. तिथे 'र-हलन्त-जोडक' दिसलं की 'ऱ-हलन्त' करा असं स्वतः लिहावं लागेल. हा बदल फक्त ताडण्यापुरता, फाइलचं खरं नाव बदलू नका. नाहीतर फोटोच गायब.

मधुमालती

म्हणजे 'ऱ्हस्व' लिहायचं की 'र्‍हस्व'?

आजोळकर

'ह्रस्व'.

टोपीकर

झालं. आता धागा शुद्धलेखनाच्या दरीत. दरीचं अनेकवचन कसं लिहायचं हेही ठरलेलं नाही.

मधुमालती

गंमत बाजूला, पण मला अजून कळत नाही, चार स्वयंसेवक आहेत तर हातानेच का नाही भरत? प्रत्येक लेख उघडायचा, मजकूर चिकटवायचा.

कातळवाट

ताई, लेखांत मिळून सहा हजारांवर फोटो आहेत. पोरांना पुन्हा बसा म्हणालो तर तेही सायकलिंगकडे वळतील.

दिठी

पहिल्यांदाच लिहितोय. मी पूर्ण दृष्टिहीन आहे, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो, मराठीला ईस्पीकचा आवाज. (मेल करणारा मी नव्हे. पण माझाही तोच अनुभव.)

तुम्हाला ते ऐकायला कसं लागतं हे सांगतो. साध्या फोटोला पर्यायी मजकूर नसेल तर माझा रीडर बहुतेक वेळा गप्प पुढे जातो. मला कळतही नाही की तिथे फोटो होता. जुन्या लेखांत मात्र फोटोवर टिचकी मारली की मोठा फोटो उघडावा म्हणून दुवा दिलेला असतो. दुव्याला काहीतरी नाव वाचायलाच हवं म्हणून रीडर फाइलचा पत्ता वाचायला लागतो. वर ते १०८ अक्षरांच्या जपाचं लिहिलंय ना, ते मी ऐकलंय. 'परसेंट ई झिरो परसेंट ए फोर परसेंट...' कड्याचं वर्णन रंगात आलेलं असतं आणि मध्येच हे. आता मी कंट्रोलचं बटण दाबून आवाज तोडतो आणि खालच्या परिच्छेदावर उडी मारतो. सवयीने जमतं.

एक विनंती. मजकूर सरसकट ओतू नका. एका साइटवर कोकणकड्याच्या लेखात आठ फोटो होते आणि आठही वेळा 'कोकणकडा' ऐकलं. त्यातला एक इंद्रवज्राचा (धुक्यावर उमटणाऱ्या गोल इंद्रधनुष्याचा) होता हे मला मित्राकडून कळलं. तोच तर ऐकायचा होता.

शून्यप्रहर

दिठी, स्वागत. आणि हा मुद्दा आमच्या कोणाच्याच डोक्यात नव्हता. लायब्ररीतला मजकूर फोटोचा असतो, लेखातला मजकूर त्या जागेचा हवा. नुसत्या शोभेच्या रेघा-नक्ष्यांना तर मजकूर रिकामा ठेवणंच बरोबर. आल्ट (टॅगमधली पर्यायी मजकुराची जागा) हवा, पण अवतरणचिन्हांत काही नाही, म्हणजे रीडर ते सोडून देतो. कातळवाट, ज्या लेखात तोच मजकूर दोनदा येतोय त्यांची वेगळी यादी काढा आणि तेवढीच माणसांकडे द्या.

बॅटरीवाला

+१. आता थोडं वेगाबद्दल. सहा हजार दुव्यांना प्रत्येकी एक प्रश्न डेटाबेसला विचारायचा नाही. ज्या रकान्यात ते शोधतं त्याला इंडेक्स नसतो, दर वेळी त्या किल्लीच्या सगळ्या ओळी चाळाव्या लागतात. भाच्याने शब्दकोश केलाय तेच बरोबर आहे. फक्त त्यात आणखी एक घाला. '_डब्ल्यूपी_अटॅचमेंट_मेटाडेटा' मध्ये प्रत्येक फोटोच्या सगळ्या लहान आकारांची नावं लिहिलेली असतात, आणि स्केल्ड झालेल्याचं मूळ नावही. तिथून उलटा शब्दकोश करा. प्रत्येक नावापुढे नोंदीचा क्रमांक. मग शेपूट कापायची गरजच नाही, अंदाज संपला.

लहान आकारांची नावं तिथे फोल्डरशिवाय असतात. वर्ष-महिना मूळ फाइलच्या पत्त्यातून घेऊन आपण जोडायचा.

नीलफुलारी

संपला नाही. मध्ये कधी थीम बदलून लघुचित्रं पुन्हा तयार केली असतील तर जुने आकार मेटाडेटातून जातात. फाइली डिस्कवर पडून राहू शकतात आणि जुने लेख त्यांच्याकडेच बोट दाखवतात. त्यामुळे आधी शब्दकोश, तिथे नाही मिळालं तर शेपूट.

बॅटरीवाला

बरोबर. हार मानतो.

आजोळकर

फोल्डर कशाला? नुसत्या फाइलनावावर जुळवलं तर?

बॅटरीवाला

आजोळकर काका, गिर्यारोहकांचे कॅमेरे आहेत. 'डीएससी_०००१' किती असतील? २०१४/०८ चा रतनगड आणि २०१६/०८ ची कोणाच्या तरी मुलीची मुंज...

मधुमालती

मुलीची मुंज! आवडलं.

बॅटरीवाला

मुलाची. टंकताना चूक. तरी राहू दे. सांगायचं एवढंच की न जुळलेला फोटो परवडतो, चुकीचा जुळलेला नाही. मिसळ विसरू नका.

कातळवाट

बरंचसं जमलंय. आता मजकूर लेखात घालायचा कसा? भाचा म्हणतो कायमचा डेटाबेसमध्ये लिहू. मला वाटतं पान दाखवताना वरच्या वर घालावा, मूळ लेखाला धक्का नको.

शून्यप्रहर

मी भाच्याच्या बाजूने. वरच्या वर घालणारं प्लगइन उद्या कोणी बंद केलं की सगळं गेलं. आणि एकदा क्रमांक सापडलाच आहे तर आल्टबरोबर 'डब्ल्यूपी-इमेज' क्लासही टॅगमध्ये लिहून टाका. ४.४ पासून वर्डप्रेस त्या क्लासवरूनच मोबाइलसाठी लहान फोटो सुचवतं. गडाच्या पायथ्याच्या गावात रेंज किती मिळते ठाऊक आहे ना? फुकटचा फायदा.

टॅगमध्ये बदल रेगेक्सने (अक्षरांचे साचे शोधून बदलण्याच्या पद्धतीने) करू नका. हाताने लिहिलेल्या एचटीएमएलमध्ये एकेरी-दुहेरी अवतरणं, मधल्या ओळी, काय वाटेल ते असतं. ६.२ पासून वर्डप्रेसमध्ये एचटीएमएल टॅग प्रोसेसर आहे, तो नेमक्या टॅगला हात लावतो. नवे ब्लॉकवाले लेख या फेरीत वगळा, त्यांत क्लास आणि ब्लॉकचं टिपण जुळलं नाही की वर्डप्रेसचा लेख लिहायचा संपादक कुरकुर करतो. आणि आधी डेटाबेसची प्रत. मग नुसती यादी छापणारी कोरडी फेरी. मग पाच लेख. मग सगळे.

टोपीकर

दोर तपासा, गाठ तपासा, मग रॅपलिंग. सिव्हिलवाल्याला हे सांगायला हवं का?

कातळवाट

(नऊ दिवसांनी)

केलं. पाच लेखांची फेरी परवा, बाकी काल रात्री. सहा हजार एकशेपैकी जवळजवळ सगळे जुळले. क्लास खोटं बोलत होता असे अकरा निघाले, बॅटरीवाला यांचे आभार. त्यात पद्मावती माचीच्या फोटोचा क्रमांक मंडळाच्या जमाखर्चाच्या पीडीएफवर जात होता. एकाच लेखात तोच मजकूर पुन्हा येणारे दोनशेच्या आसपास, ते पोरांकडे दिलेत. इंद्रवज्राचा एक आहे, तो मी स्वतः लिहिणार.

३७ फोटो उरलेत. फाइल सर्व्हरवर आहे, लेखात दिसते, पण ना तक्त्यात ना मेटाडेटात.

नीलफुलारी

तुमच्या सायकलवाल्याने एफटीपीने थेट फोल्डरमध्ये टाकले असणार. ते लायब्ररीत कधी आलेच नाहीत, सापडणार कुठून? डब्ल्यूपी-सीएलआयने (वर्डप्रेसला टंकून आज्ञा द्यायचं साधन) 'मीडिया इम्पोर्ट' करा आणि 'स्किप-कॉपी' हा पर्याय द्या. फाइल जागेवरच राहते, नोंद तेवढी होते. मग मजकूर भरा आणि ३७ साठी तीच फेरी पुन्हा.

कातळवाट

त्यालाच फोन केला. म्हणतो, "हो मीच टाकलेत, लायब्ररी फार हळू उघडायची." रविवारी येऊन बसतोय. सायकलवरून.

दिठी

इंद्रवज्राचं लिहिलंत की दुवा इथे द्या. शक्यतो १०८ अक्षरांचा नको.